पाणथळातले चौकोनी खड्डे

तिला पाणकोंबडी हे नाव दुर्बीणकाकांनी दिलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती नवेकोरे गमबूट घालून पाणथळात उतरली आणि गुडघाभर चिखलात रुतली. कोणाला हाक न मारता, एकेक पाय सोडवत, मान पुढे-मागे करत ती आपली आपण काठावर आली. काका काठावरून हे सगळं बघत होते. "चालतेस तर अगदी पाणकोंबडीसारखी," ते म्हणाले, "टिकशील." ती टिकली आणि नावही चिकटलं. कचेरीतला शिपाई, काठावर गुरं चारणारे, बसचा कंडक्टर, सगळे तिला तेच म्हणू लागले. नवरासुद्धा लाडात आला की तेच म्हणायचा. तेव्हा आपणही तेच म्हणू.

काम ऐकणाऱ्याला सोपं वाटायचं. गावाच्या टोकाला शेवटची बस वळून परत फिरायची, त्याच्याही पुढे ते पाणथळ पसरलं होतं. त्यात नाहीशा होत चाललेल्या काही वनस्पती होत्या. त्या आहेत की गेल्या, वाढल्या की घटल्या, हे बघत राहायचं. त्यासाठी फळीवर गुडघे टेकून, नाक चिखलाला लागेल इतकं वाकून पानं मोजायची. जमिनीत रोवलेल्या भोकाभोकांच्या नळीत फीत सोडायची आणि पाण्याला टेकल्याचा 'टुप' आवाज आला की आकडा वाचायचा. ठरलेल्या खांबाशी उभं राहून चारी दिशांचे फोटो काढायचे. घरी आल्यावर कंबर धरून बसायचं आणि "आज काय केलंस?" असं कोणी विचारलं की "गवत मोजलं" म्हणायचं.

या सगळ्यात जपायची ती पांढरी आमरी, म्हणजे चिखलात उगवणारं एक ऑर्किड. बोटभर उंचीची, दोन पानांची, आणि फूल म्हणाल तर मुंगीने तोंडात धरलेल्या तांदळाच्या कणीएवढं. ती आता फक्त याच पाणथळाच्या एका कोपऱ्यात उरली होती. तो कोपरा कुठे आहे हे कोणाला सांगायचं नाही, असा कचेरीचा नियम होता. हौशी लोक अशा रोपांसाठी कुठल्या थराला जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

काम शिकवलं ते काकांनी. गळ्यात सदैव दुर्बीण, ती लग्नकार्यातही उतरत नसे, म्हणून ते दुर्बीणकाका. त्यांची शिकवण एकच होती. "डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. काल मोजलेलं आज परत मोजायचं. आणि कोणी म्हणालं, मी मोजलंय, तर मान डोलवायची आणि तरीही परत मोजायचं." पाणकोंबडीला हे शिकवायला फार कष्ट पडले नाहीत. नवऱ्याने दूध चांगलं आहे म्हटलं, तरी ती वास घेऊनच चहात घालायची. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायची, चार पावलं जायची, परत येऊन पुन्हा ओढायची. "कुलूप थकलं बिचारं," नवरा म्हणायचा.

काका निवृत्त झाले तेव्हा तो कोपरा तिच्या हाती आला. त्यांना पाणथळात येण्याची परवानगी मात्र कचेरीने कायम ठेवली होती. इतकी वर्षं त्या चिखलात काढलेल्या माणसाला कोण अडवणार?

पहिला खड्डा तिला फुलं यायच्या आदल्या महिन्यात दिसला. सकाळची वेळ होती, धुकं नुकतंच उठलं होतं. प्रत्येक रोपाशेजारी आकड्याचा बिल्ला रोवलेला असे. फळी टाकून ती बसली आणि बिल्ला वाचून शेजारचं रोप बघायला गेली, तर तिथे रोपच नव्हतं. होता एक खड्डा, आणि तोही चौकोनी. डुकराने उकरलं असतं तर चिखल उधळला असता, खेकड्याचं बीळ असतं तर गोल असतं. इथे कोणीतरी खरवसाची वडी कापावी तसा मातीचा तुकडा कापून, रोपासकट उचलून नेला होता. खड्ड्यात ओलं शेवाळ भरलेलं होतं. आणि ऍल्युमिनियमचा बिल्ला नीट पुसून, आकडा वर येईल असा, होता तिथेच पुन्हा रोवलेला होता.

तिने ते बराच वेळ बघितलं. चोर बिल्ले पुसत नाहीत, एवढं तिच्या मनात आलं आणि पाल चुकचुकली. पण कोणत्या दिशेला चुकचुकली ते तिला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ती उठली आणि पुढची रोपं बघू लागली. पुढच्या आठवड्यात आणखी काही गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. प्रत्येक ठिकाणी तोच चौकोन, तेच शेवाळ, तोच पुसलेला बिल्ला.

कचेरीच्या मॅडम वयाने तिच्याहून लहान होत्या, बोलायला मऊ. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकी लावली आणि विचारलं, "जागा कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला, मला आणि काकांना."

"काकांची आता पाठ वाकलीय. ते काय खणणार?" मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "घरी कधी बोलणं झालं का यावर? सहज, जेवताना वगैरे?"

"जागा मी कोणाला सांगितलेली नाही."

"मी तसं म्हणत नाही, ताई. पण ठिकाणं ज्यात नोंदवली आहेत ते यंत्र काही दिवस माझ्याकडे राहू दे. तुमच्याच भल्यासाठी."

पाणकोंबडीने खांद्यावरची पिशवी उघडली, यंत्र टेबलावर ठेवलं आणि बाहेर आली. जिन्यावर शिपाई भेटला, नेहमीसारखा हसला. आज तो जरा कमी हसला असं तिला वाटलं. चहाच्या टपरीवर दोघे कारकून बोलत होते, ती आली तसे गप्प झाले. ते क्रिकेटवर बोलत असतीलही. पण तिला कुठे माहीत होतं?

बसमध्ये तिच्या मनात मॅडमचा प्रश्न परत आला. जेवताना बोलणं झालं होतं. जागेचं नाही, पण आमरीचं झालं होतं. तिचा दीर खालच्या मजल्यावर राहायचा आणि घराशेजारीच त्याची नर्सरी होती. शोभेची झाडं, कुंड्या, खतमाती असा सगळा पसारा. दोन्ही घरांचं रात्रीचं जेवण एकत्र व्हायचं. महिन्याभरापूर्वी तो म्हणाला होता, "वहिनी, ती तुमची आमरी कुंडीत जगेल का हो?" आणि ती म्हणाली होती, "तिच्या मुळाशी एक बुरशी असते, त्या मातीशिवाय ती जगत नाही." म्हणजे मातीचा तुकडा कापून न्यायला हवा, हे तिनेच त्याला सांगितलं होतं. 

दुसऱ्या दिवशी दीर माल द्यायला गेला, तेव्हा ती नर्सरीत शिरली. कोणी विचारलं तर सांगायला हातात कढीपत्ता तोडायची कात्री घेतली होती. कुंड्यांच्या रांगा बघितल्या, हिरव्या जाळीखाली बघितलं, पाण्याच्या टाकीमागे वाकून बघितलं. आमरी कुठेच नव्हती. पण खताच्या पोत्यांवर घडी करून ठेवलेली गोणपाटं होती आणि त्यांना काळा गाळ लागला होता. तिने तो बोटांनी चोळला. नाकाशी नेला. तो गाळ ती झोपेतही ओळखली असती. गोणपाटाच्या धाग्यात पाणथळातल्या शेवाळाची एक काडी अडकली होती.

त्या रात्री जेवताना तिने मूग गिळून बसायचं ठरवलं होतं. पण दिराने वरण वाढून घेतलं आणि सहज विचारलं, "काय वहिनी, गवत काय म्हणतंय?" आणि तिचा तोल गेला.

"गवत कमी होत चाललंय. तुम्हाला माहीत असेल कुठे जातंय ते."

दिराचा हात थांबला. "म्हणजे?"

"नर्सरीतल्या गोणपाटांना पाणथळातला गाळ कसा लागला, भाऊजी?"

नवरा म्हणाला, "अगं, जेवू दे त्याला." जाऊ पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही विचारताय की सांगताय?" दीर म्हणाला.

"गाळ मी ओळखते."

"मग झालं तर. ठरवूनच आलात, मला कशाला विचारता?" तो ताटावरून उठला, हात धुतले आणि खाली निघून गेला. दार आपटलं नाही त्याने. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पुढचे काही दिवस दोन्ही घरांत चुली वेगळ्या पेटल्या. नवरा दोन्हीकडे जाऊन यायचा आणि दोन्हीकडे कानावर हात ठेवायचा. शेवटी एका दुपारी जाऊ वर आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"ताई, एक सांगायला आलेय. गोणपाटं आमच्याकडून तुमच्या दुर्बीणकाकांनी नेली होती. अळूची रोपं हलवायचीत म्हणाले. काही आठवड्यांनी परत आणून टाकली. एवढंच. तुम्ही त्या दिवशी नीट विचारलं असतंत, तर ह्यांनी सांगितलं असतं."

ती गेली. पाणकोंबडी तिथेच बसून राहिली. पहिला विचार आला तो असा, की जाऊ नवऱ्याला वाचवतेय. दुसरा विचार आला पुसलेल्या बिल्ल्यांचा. काकांबरोबर काम करताना प्रत्येक रोपापाशी ते खिशातून रुमाल काढायचे, बिल्ला पुसायचे, आकडा वर करून रोवायचे आणि मगच पुढे सरकायचे. तिने हे शेकडो वेळा बघितलं होतं. पहिल्या खड्ड्यापाशीच हे तिला दिसायला हवं होतं. दिसलंही होतं. पण काकांवर संशय घेण्यापेक्षा दिरावर घेणं सोपं गेलं.

ती त्याच दुपारी काकांकडे गेली. दोन खोल्यांचं घर, बायको गेल्यापासून एकटेच राहत होते. दारावर थाप मारली तर आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला आणि बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"अरे, पाणकोंबडी. ये. चहा टाकतो."

"मी टाकते, काका."

"नको, तू बस," ते घाईने म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले. हा माणूस कधी स्वतः चहा करणारा नव्हता. त्यांनी केलेला चहा फिका होता आणि कपाच्या कानाला त्यांच्या बोटाचा काळा ठसा उमटला होता. तिने ठसा बघितला. तिने बघितल्याचं त्यांनी बघितलं.

"काका, हात धुऊन येते."

"तिकडे पाणी नाहीये."

तेवढ्यात मागच्या अंगणात नळाचं पाणी ठिबकल्याचा आवाज आला. दोघांनाही आला. ती उठली. त्यांनी अडवलं नाही, नुसते भिंतीला टेकून उभे राहिले.

अंगणात आंघोळीचे जुने टब होते, वर पांढरं कापड ताणून सावली केलेली. टबांत काळ्या मातीचे चौकोन एकमेकांना लावून मांडले होते आणि प्रत्येक चौकोनात एक आमरी होती. किंवा होती म्हणायची. बऱ्याच पिवळ्या पडल्या होत्या. काहींची पानं जमिनीला चिकटली होती. तिने एकीच्या बुडाशी बोट लावलं, तर ते मऊ लागलं, सडायला लागलं होतं.

काका मागे येऊन उभे राहिले. "नळाचं पाणी उन्हात ठेवतो, त्यातलं औषध उडालं की मग घालतो," ते म्हणाले. "तिथलं पाणी आणायला पाठ साथ देत नाही."

"का केलंत, काका?"

"लाल झेंड्यांच्या काठ्या घेऊन माणसं आली होती. पाणथळाच्या कडेने मोजत होती. तू त्या दिवशी पलीकडे होतीस. मी मॅडमना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, काही नाही काका, तुम्ही आराम करा." काका थांबले. "काही नसतं, तर 'काही नाही' एवढंच म्हणाल्या असत्या. 'आराम करा' कशाला म्हणाल्या?"

"मला सांगायचंत."

"तू त्यांच्या नोकरीत आहेस, पोरी."

हे ऐकून तिला आमरी गेल्याहून जास्त लागलं. ज्या माणसाने तिला कोणावर विश्वास ठेवायचा नाही हे शिकवलं, त्याने तिलाही त्यातून वगळलं नव्हतं. ती टबाच्या काठावर बसली.

"गोणपाटांवरून मी भाऊजींना चोर म्हटलं," ती म्हणाली. "मॅडमनी माझ्याकडून यंत्र काढून घेतलंय. कचेरीत लोक मला बघून गप्प बसतात."

काकांनी खाली बघितलं. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "गुपचूप परत लावून टाकू," ते म्हणाले. "तू आणि मी. कोणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना. मी सांगणार आहे, काका."

"मग ते मला तिकडे पाऊल टाकू देणार नाहीत."

"नाही देणार."

 तिने आत जाऊन दोघांचे कप विसळले आणि चप्पल घातली. "उद्या सकाळपर्यंत नळाचं पाणी घालू नका," एवढं बोलून ती निघाली.

मॅडमना सांगताना तिने काकांची बाजू घेतली नाही आणि त्यांच्यावर दगडही मारले नाहीत. झालं तसं सांगितलं. मग विचारलं, "लाल झेंड्यांची माणसं कोण होती?"

मॅडम पेन फिरवत राहिल्या. "पलीकडे नवी वसाहत झालीय ना, तिचं पाणी काढायला आपल्या कडेने चर खणायचा बेत होता. आम्ही हरकत घेतली. तो बारगळला."

"चर झाला असता तर पाणथळ सुकलं असतं."

"म्हणूनच हरकत घेतली."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"बारगळलेल्या गोष्टी सांगून कशाला घाबरवायचं?" मॅडम म्हणाल्या, आणि मग जरा खालच्या आवाजात, "चुकलंच ते. काकांना तरी सांगायला हवं होतं." त्यांनी खणातून यंत्र काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं. पाणकोंबडीने ते घेतलं, चालू केलं, सगळी ठिकाणं शाबूत आहेत का ते त्यांच्यासमोरच तपासलं आणि मग पिशवीत टाकलं. मॅडमनी ते मुकाट्याने बघितलं. बारगळला या शब्दावरही तिचा विश्वास बसला नव्हता. अजूनही मध्येच कधीतरी ती वाट वाकडी करून त्या कडेला जाते आणि नव्या काठ्या रोवल्यात का ते बघून येते. आतापर्यंत तरी रोवलेल्या नाहीत.

रोपं परत लावायला मॅडमनी काकांनाच बोलावलं. शेवटची परवानगी, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण सगळ्यांना समजलं. सकाळी तिघं गेले. काका फळीवर गुडघे टेकून बसले आणि एकेक चौकोन आपापल्या खड्ड्यात बसवत गेले. कुठला कुठे हे त्यांना एकदाही विचारावं लागलं नाही. संपल्यावर उठायला त्यांना दोघींचे हात लागले. कोणी मागायच्या आत त्यांनी खिशातून परवान्याचं ओळखपत्र काढलं आणि मॅडमच्या हातात ठेवलं. बसपर्यंत ते एकटेच पुढे चालले.

त्यानंतर पाणकोंबडी त्यांच्याकडे गेली तर दार उघडायचं नाही. आत ते असायचे, खोकल्याचा आवाज यायचा. मग ती खिडकीपाशी उभी राहून सांगायची. या आठवड्यात काही गळून गेल्या. या आठवड्यात तीन तग धरून आहेत. एकदा म्हणाली, "काका, आणखी दोघींना नवं पान फुटलंय." आतला खोकला थांबला. मग आवाज आला, "परत मोज." ती म्हणाली, "मोजलंय." आवाज आला, "तरी परत मोज." पुढच्या खेपेला दार अर्धं उघडं होतं.

हलवलेल्या रोपांतली निम्म्याहून जास्त मेली. उरलेली जगली, आणि त्यांतल्या काहींना फुलंही आली, उशिरा आणि खुरटी, पण आली.

दिराची माफी मागायला ती नर्सरीत गेली, तेव्हा तो माती आणि खत कालवत होता.

"भाऊजी, चुकलं माझं."

"हं."

"काहीतरी बोला."

त्याने फावडं टेकवलं. "चोर म्हणालात त्याचं मला एवढं नाही. धंद्यात लोक काय काय म्हणतात. पण घास हातात असताना म्हणालात, वहिनी." तो परत कालवायला लागला. जेवणं पुन्हा एकत्र सुरू झाली, पण तो आता वेगळ्या बाजूला बसायचा, आणि गवताची चौकशी त्याने पुन्हा केली नाही.

फुलं सरत आली तेव्हा एका सुट्टीच्या सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. पायात गमबूट, कोणाकडून तरी मागून आणलेले, एका नंबराने मोठे.

"जी मी चोरली, ती एकदा बघायची आहे," तो म्हणाला.

नियम आड येत होता. तिने मॅडमना फोन केला. मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या जबाबदारीवर न्या." मग दोघं गेले. दीर दोनदा रुतला आणि दोनदा शिवी गिळून बाहेर आला. कोपऱ्यात पोचल्यावर तिने फळी टाकली, त्याला गुडघ्यावर बसवलं आणि बोट दाखवलं. तो वाकला. आणखी वाकला. डोळे बारीक करून बघत राहिला.

"कुठेय?"

"नाकासमोर."

"ही?" तो तसाच बसून राहिला. "हिच्यासाठी? वहिनी, ही मी दुकानात मांडली असती तर गिऱ्हाइकाने तण समजून उपटून टाकली असती."

तिला हसू आलं, तोही हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग तो दुसऱ्या रोपाकडे सरकला, तिसऱ्या रोपाकडे सरकला, हळूच, फळी न सोडता, आणि फुलाला हात न लावता त्याच्याखाली तळहात धरून बघू लागला. त्याला आवडलं होतं. हे कळत असतानाही पाणकोंबडीची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती. तो हात खिशाकडे गेला, तशी तिची मान पुढे झाली.

दिराने वळून बघितलं. "खिसे दाखवू?"

 "दाखवा," ती म्हणाली.

त्याने दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल आणि किल्ल्यांचा जुडगा. तो रुमालाने कपाळ पुसत उठला आणि म्हणाला, "चला, भूक लागली." आणि काठाकडे चालू लागला. तिने फळी उचलली. पाठीमागची रोपं एकदा नजरेने मोजली, आणि मग त्याच्या मागे निघाली.